आयओटीचे (वस्तू इंटरनेटला जोडण्याचे) खरे, वापरातले प्रकल्प मुलांनी स्वतः शोधावेत असं वाटतं. सुरुवात कशी करून देऊ?

विज्ञानाच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला ईएसपी३२चे बोर्ड (वायफाय असलेले छोटे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड), थोडे सेन्सर, ब्रेडबोर्ड आणि वायरी घेऊन दिल्यात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचंय ती मुलं थांबतात आणि आम्ही प्रयोगशाळेत बसतो. एलईडी लुकलुकवणं, खोलीचं तापमान मोबाइलवर बघणं, इथपर्यंत जमलंय.

आणखी काही बनवायच्या आधी मुलांनी जरा जगात डोकावून यावं असं मला वाटलं. वस्तू इंटरनेटला जोडून कुणी कुठं काय केलंय ते प्रत्येकानं आपलं आपण शोधायचं, आवडलेलं एक निवडायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. विषय मी मुद्दामच वाटून दिले नाहीत.

तर काय काय आलं? हात नेला की झाकण उघडणारी कचराकुंडी. अडथळा आला की वाजणारी काठी. माती सुकली की सुरू होणारा छोटा पंप. परत कचराकुंडी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी मांडलेलं असतं तेच. मुलांनी मन लावून व्हिडिओ बघितले होते, वहीत उतरवून आणलं होतं. उभं राहून वाचलं, टाळ्या झाल्या, संपलं. त्यांना बोल कसा लावू? शोधायला गेलं की हेच सगळ्यात वर दिसतं.

एका क्षणी मात्र वर्ग जागा झाला. शेवटच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "बाई, झाकण उघडायला इंटरनेट कशाला लागतं?" सांगणारी मुलगी थबकली, विचार केला आणि म्हणाली, "लागत नाही की." मग जी चर्चा सुरू झाली ती घंटा झाली तरी थांबेना. मला असे तास हवेत.

म्हणून इथं विचारते. तयार यादी दिली तर शोध माझा होतो, त्यांचा राहत नाही. काहीच दिलं नाही तर कचराकुंडी येते. यातून वाट कशी काढायची? दुसरी अडचण भाषेची. चांगला मजकूर बहुतेक इंग्रजीत, आणि आमची मुलं मराठी माध्यमाची. लांबलचक इंग्रजी परिच्छेद दिसला की मोबाइल खाली ठेवतात. मुलांबरोबर असं काही केलेल्या कुणीही लिहा, थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.

सोल्डरगन

बाई, हॅकॅडे आणि इन्स्ट्रक्टेबल्स या दोन साइट मुलांना दाखवा. फोटो आणि जोडणीच्या आकृत्या भरपूर असतात, भाषा अडली तरी निम्मं कळतं.

आणि सहल काढणार असाल तर पाबळचा विज्ञान आश्रम बघा, पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथं उभी राहिली. खेड्यातली मुलं हातानं काम करत शिकताना प्रत्यक्ष दिसतील, त्याला व्हिडिओची सर नाही.

वारणाकाठ

बाई, त्या मुलाचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू देऊ नका. कुठलाही प्रकल्प आला की आधी तोच विचारायचा. जोडणी तोडली तर कुणाचं काय अडेल? काहीच अडत नसेल तर वस्तू चांगली असेलही, पण ती आपल्या विषयातली नाही.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. बॉयलरचं प्रेशर, पॅनमधलं तापमान, टाक्यांच्या पातळ्या काट्यावर दिसतात तशाच आत आहेत का, हे बघण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून रविवारी गावातल्या मुलांबरोबर बसतो. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो, कारण तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी मुलांना अडलेला माणूस शोधायला सांगतो. कोण अडला होता, कशापायी अडला होता आणि त्यानं नेमकं काय मोजलं. एवढं धरून शोधायला लागलं की कचराकुंडी आपोआप मागं पडते. त्या व्हिडिओत झाकण असतं, सेन्सर असतो, पण अडलेलं कुणी नसतं.

पहिली गोष्ट मी स्वतः सांगतो, म्हणजे मुलांना कळतं की शोधायचं काय. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागात कोकच्या बाटल्यांचं यंत्र होतं. विभाग वाढला, काहींच्या खोल्या यंत्रापासून लांब गेल्या. एवढं चालत जावं तर यंत्र रिकामं, नाहीतर आत्ताच भरलेली कोमट बाटली हातात. १९८२च्या सुमाराला डेव्हिड निकल्स नावाच्या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी यावर तोड काढली.

इथं मी थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? मुलं म्हणतात, आत तापमानाचा सेन्सर, प्रत्येक रांगेखाली वजनाचा सेन्सर. त्या विद्यार्थ्यांनी यातलं काहीच बसवलं नाही. यंत्रावर प्रत्येक रांगेसाठी एक दिवा आधीपासूनच होता. बाटली विकली की तो काही सेकंद लागायचा आणि विझायचा. रांग संपली की पुन्हा भरेपर्यंत लागून राहायचा. त्यांनी फक्त हे दिवे वाचणारं सर्किट जोडलं आणि वायर विभागाच्या मोठ्या संगणकापर्यंत नेली. दिवा जरासा लागला, एक बाटली गेली. बराच वेळ लागून विझला, रांग नव्यानं भरली. भरून तीन तास झाले की बाटली गार समजायची. थंडपणा त्यांनी घड्याळावरून काढला! जाळ्यावरच्या कुठल्याही संगणकावरून विचारता यायचं की गार बाटली कुठल्या रांगेत आहे. वेब यायला अजून बरीच वर्षं होती.

ही गोष्ट ऐकून गेलेल्या एका नववीतल्या मुलीनं पुढच्या रविवारी सांगितलं, "काका, आमच्या घरच्या लाइटच्या मीटरवर पण लाल दिवा लुकलुकतो." तिनं मीटरवरचं वाचून आणलं होतं, ३२०० इंप/केडब्ल्यूएच. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आम्ही गणित केलं. एक हजार वॉटची इस्त्री लावली तर जवळपास दर सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा. तिनं घरी जाऊन इस्त्री लावून मोजलं आणि जुळलं. मग मीटर न उघडता, कुठल्या तारेला हात न लावता, बाहेरून दिव्यासमोर एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, धरून ईएसपीला जोडला. मोबाइलवर घरातला विजेचा वापर दिसायला लागला. आता तिची आई बघून सांगते की मोटर चालू राहिलीय.

पिट्सबर्गची कल्पना वारणेच्या काठावर अशी पोचली. ऐकलेल्याचं तिनं आपल्या घरात काहीतरी केलं, म्हणून तो शोध तिचा झाला. एकमेकांना सांगायचं ते यासाठीच.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं हवंच, म्हणजे शोधायला नेट लागत नाही हे मुलांना कळतं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला अंधारात साप-विंचू तुडवत विहिरीवर जावं लागतं. ओस्तवालांनी आजोबांची ही वणवण पाहिली होती. त्यांनी पंपाच्या स्टार्टरला मोबाइल जोडला. फोन लावायचा, तिकडं वीज आहे का ते ऐकायचं, कोड दाबून पंप सुरू करायचा किंवा बंद करायचा. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं.

आमच्यातल्या एका मुलानं हे ऐकून चांगली शंका काढली. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारं ऑटो स्विच बाजारात स्वस्तात मिळतं, मग फोन कशाला? मी उत्तर दिलं नाही, त्याला त्याच्या चुलत्यांकडं पाठवलं. तो माहिती घेऊन आला. वीज आली की त्या ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे ऑटो स्विचवाले पंप एकदम उठतात, लोड उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं महावितरण म्हणूनच सांगत असतं. शिवाय विहिरीत पाणी नसलं तरी ऑटो स्विच पंप चालूच ठेवतं. त्या पोरानं बांधावर उभं राहून, मराठीत विचारून हे मिळवलं. माझ्या लेखी तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला शोध होता.

तिसरं रेनफॉरेस्ट कनेक्शनचं. हे मी दिलं नव्हतं, अकरावीतल्या एका मुलीनं शोधलं. टोफर व्हाइट नावाचा अमेरिकन माणूस इंडोनेशियात गिबन वानरांच्या राखीव जंगलात गेला होता. पहारेकऱ्यांच्या चौकीपासून जवळच झाडं कापली जात होती, पण जंगलाच्या आवाजात करवत ऐकूच येत नव्हती. मोबाइलला रेंज मात्र होती. त्यानं टाकून दिलेले मोबाइल झाडांवर उंच बसवले. ते सतत ऐकतात, करवतीचा आवाज ओळखला की पहारेकऱ्यांना निरोप जातो. मुलीनं हे मांडलं आणि लगेच कुणीतरी विचारलं, दाट झाडीत सोलर पॅनेल चालतं कसं? तिला ते ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला उत्तर शोधून आली. पानांतून उन्हाचे कवडसे येतात आणि सरकत राहतात. म्हणून पॅनेलच्या बारीक पट्ट्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडल्या, कुठल्या ना कुठल्या पाकळीवर ऊन पडतंच. हे तिनं एवढ्या आनंदानं सांगितलं की मला अजून आठवतं.

आता भाषेचं. मुलांना आख्खा लेख वाचायला देऊच नका. फोटो आणि आकृतीपासून सुरू करा. कुठला सेन्सर, वीज कुठून, निरोप कशानं जातो, हे तीन शब्द इंग्रजी पानावर हुडकायला सांगा. ते सापडले की मुलं आजूबाजूचं वाक्य आपणहून लावायला बघतात. मोबाइलचं भाषांतर खुशाल वापरू द्या, पण वर्गात बोलताना हातात कागद नको. न बघता सांगायचं म्हटलं की स्वतःच्या मराठीत सांगावंच लागतं. ज्याला सांगता येत नाही त्याला ते अजून कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रागवायचं कारण नाही, त्याला आणखी आठवडा द्यायचा.

मी प्रत्येकाकडून एक पान मागतो. त्याच्या तळाला "मला काय सापडलं नाही" ही जागा असते आणि ती कोरी चालत नाही. बाई, हे एवढं एक तरी करून बघा. दुसरी मुलं ती जागा आधी वाचतात आणि तिथून पुढं शोधायला लागतात.

एक सावधगिरी. कंपनीच्या पानावर सगळं छानच लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी त्याचं काय झालं, पावसात टिकलं का, वापरणारे काय म्हणतात, हे शोधायला लावा. माझ्या कारखान्याच्या अनुभवातून सांगतो, नवं मीटर पहिल्या दिवशी बरोबरच दाखवतं. त्याची परीक्षा पुढच्या गळीत हंगामात होते.

स्टुटगार्टकर

वारणाकाठ काका, तुमची पोस्ट बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली.

दोन वर्षांनी काय झालं याचं एक चांगलं उदाहरण माझ्या बाल्कनीत टांगलंय, म्हणून लिहितो. मी मूळचा पिंपरी-चिंचवडचा, कामानिमित्त स्टुटगार्टमध्ये आहे. हे शहर खोलगट भागात वसलंय, हवा कोंडते. नेकारटोर नावाच्या चौकातलं हवेचं प्रदूषण जर्मनीभर गाजलेलं. २०१६ ते २०२० या काळात इथं सूक्ष्म धुळीचा इशारा द्यायची पद्धत होती. इशारा लागला की गाडी घरी ठेवा असं आवाहन व्हायचं. सरकारी मापन केंद्रं मोजकीच, मग माझ्या गल्लीत काय? या प्रश्नावर इथल्या ओके लॅब नावाच्या गटानं २०१५ मध्ये घरी जोडता येईल असं यंत्र काढलं. एसडीएस०११ हा धूळ मोजणारा सेन्सर, ईएसपी८२६६चा बोर्ड, तापमान-आर्द्रतेचा एक सेन्सर, आणि खोकं म्हणून ड्रेनेजच्या पाइपाचे दोन बेंड एकमेकांत बसवलेले. पाऊस आत जात नाही, हवा जाते. आज ते सेन्सर.कम्युनिटी या नावानं जगभर पसरलंय आणि सगळीकडचे आकडे दाखवणारा नकाशा कुणालाही बघता येतो.

मुलांसाठी खरी मेजवानी त्याच्या मर्यादांमध्ये आहे. सेन्सर लेझरच्या उजेडात कण मोजतो, पण आत घेतलेली हवा वाळवत नाही. नोव्हेंबरात सकाळी धुकं पडलं की धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात आणि माझ्या बाल्कनीतला आकडा एकदम चढतो. म्हणून आर्द्रता शेजारी बघावीच लागते. दुसरं, लेझरचं आयुष्य ८,००० तासांचं सांगितलेलं आहे. अखंड चालवला तर अकरा महिन्यांत संपेल. म्हणून तो दर अडीच मिनिटांनी थोडा वेळ जागा होतो, मोजतो, पाठवतो आणि झोपतो. हे वेळेचं गणित आठवीच्या मुलांना नक्की जमेल.

बाई, एक सुचवू? ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री इथं फटाके उडतात. त्या रात्रीचा आलेख मुलांना उघडून द्या आणि काहीच न सांगता विचारा की इथं काय घडलं असेल. मग लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा आपल्याकडचा एखादा आलेख त्यांना शोधू द्या. आकड्यांना भाषांतर लागत नाही.

पॉलिटेक्निक_द्वितीय

सगळं वाचलं, खूप आवडलं. मी नाशिकला डिप्लोमाला आहे, मला एक विचारायचंय. आम्हालाही असं शोधून करावंसं वाटतं, पण परीक्षक पहिल्यांदा विचारतात की यात तुमचं नवीन काय. "ही कल्पना स्टुटगार्टच्या लोकांची आहे" असं लिहिलं तर मार्क जातील अशी भीती वाटते, म्हणून मुलं मूळ स्रोत लपवतात. बोर्ड तर चारशे-पाचशे रुपयांत मिळतो, खर्चाचा प्रश्न नाही. नाव लिहायचं की नाही हाच प्रश्न आहे.

वारणाकाठ

बाळा, नाव लिहायचं. पहिल्या पानावर, ठळक. आणि त्याच्याच खाली, त्यांनी जे केलं ते आपल्या इथं लावताना काय बदलावं लागलं ते लिहायचं. तुमचं नवीन ते तिथं असतं. स्टुटगार्टच्या धुक्याऐवजी नाशकात द्राक्षबागेतली फवारणी असेल, आणि फवाऱ्याचे थेंब धूळ म्हणून मोजले जातात का हा प्रश्न तुमचाच. तो तपासलेला परीक्षकासमोर ठेवा आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगा. स्रोत लपवला तर त्यावर पुढं कुणी काही विचारलं की बोलता येत नाही, ते मार्क जाण्यापेक्षा वाईट.

यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत म्हणून तुम्ही रोज वापरता ते एमक्यूटीटी बघा. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनसाठी काढलं. उपग्रहावरून निरोप पाठवायचा तर तो जेवढा मोठा तेवढा महाग, म्हणून अगदी तोकडा ठेवला. ते मोकळेपणी वापरू दिलं, म्हणून आज तुमच्या टेबलावर आहे.

विज्ञानाच्या_बाई

काय बोलू, मन भरून आलं. सगळ्यांचे आभार.

या शनिवारी कोकच्या यंत्राची गोष्ट सांगितली आणि पुढच्या वेळी काय शोधून आणाल हे विचारलं. कचराकुंडी एकाच्याही तोंडी नव्हती. एक जण दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राचे आकडे कुठं जातात ते विचारून येणार आहे. दोघी बहिणी एसटी स्टँडवरच्या फलकाला गाडी कुठं आहे हे कसं कळतं ते शोधणार आहेत. आणि मुलांचा मोठा गट एकाच गोष्टीवर अडून बसलाय, नदीची पातळी. आमच्याकडं हे होणारच. २०१९चा महापूर या मुलांनी लहानपणी पाहिलाय. जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घरोघरी विचारली जाते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे लहान पोरांनाही पाठ असतं. इंग्लंडात ऑक्सफर्डला नागरिकांनी पुलाखाली अल्ट्रासोनिक (आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा) सेन्सर लावून पाण्याची पातळी मोजली होती, हे एका मुलानं कालच शोधून काढलंय आणि आता सगळ्यांना आपल्या ओढ्यावर तसं करायचंय.

दोन शंका आहेत. अल्ट्रासोनिक सेन्सरवर विश्वास कितपत ठेवावा? आणि एका पालकांनी विचारलं की शाळेचं यंत्र इंटरनेटला जोडलं, नकाशावर दाखवलं, तर काही धोका नाही ना? त्यांना मला नीट उत्तर द्यायचंय.

वारणाकाठ

पालकांनी योग्य प्रश्न विचारला, त्यांना माझा नमस्कार सांगा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत एक दिवस मोठमोठ्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या. कारण होता मिराई नावाचा घुसखोर प्रोग्रॅम. लोकांच्या घरचे इंटरनेट कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालू होते. साठ-बासष्ट ठरलेली नावं आणि पासवर्ड एकामागून एक लावून बघत हा प्रोग्रॅम लाखो यंत्रांत शिरला, आणि त्या सगळ्यांकडून एकदम मारा करवला. ज्यांनी मिराई लिहिला ते विशी-एकविशीतले तरुण होते, पुढं त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. हेही मुलांना एक संशोधनाचा विषय म्हणून द्या. हुशारी कुठं वळते ते त्यांना कळलं पाहिजे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यंत्राचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. शाळेच्या मुख्य वायफायला जोडू नका, वेगळा हॉटस्पॉट द्या. मुलं कोड एकमेकांना पाठवतात, त्यात वायफायचा पासवर्ड तसाच लिहिलेला असतो, तो काढूनच पाठवायची सवय लावा. नकाशावर शाळा दाखवायला हरकत नाही, मुलांची घरं दाखवू नका. मीटरच्या प्रयोगाला तर हे फारच लागू आहे. वापर अचानक शून्यावर आला म्हणजे घरी कुणी नाही, हे तो आलेख कुणालाही सांगतो. आमच्या त्या नववीतल्या मुलीचा आकडा फक्त घरच्या मोबाइलवर दिसतो.

अल्ट्रासोनिकचं. सेन्सर अंतर मोजत नाही, आवाज जाऊन यायला लागलेला वेळ मोजतो. आवाजाचा वेग हवा २० अंशाला असताना सेकंदाला ३४३ मीटर, आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. पहाटे आणि दुपारी तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर वेगात नऊ मीटरचा फरक. पाणी तीन मीटर खाली असेल तर पातळी न बदलताही आकडा आठ सेंटिमीटर हलेल, म्हणजे पाव फूट. राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात ऐकणाऱ्या गावाला पाव फूट म्हणजे काय ते मी सांगायला नको. म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग त्यावरून दुरुस्त करून घ्या. पावसाळ्यासाठी पाणी न शिरणारा जेएसएन-एसआर०४टी घ्या, पण तो साधारण वीस सेंटिमीटरच्या आतलं वाचत नाही. पाणी चढून इतकं जवळ आलं तर चुकीचा आकडा येईल, तेव्हा पुराच्या सर्वात वरच्या खुणेच्याही वर बसवा. तरंगणारी जलपर्णी आली तर तिचं अंतर दाखवेल, पाण्याचं नाही.

आणि ओढ्यावर इतक्यात जाऊ नका. पावसाळ्यात मुलांना काठावर न्यायचंच नाही, बसवायचं काम उन्हाळ्यात, मोठ्यांच्या हातून. तोवर शाळेची पाण्याची टाकी आहे. टाकीत एक पट्टी उभी बांधा, वर सेन्सर बसवा, आणि टाकी भरताना-रिकामी होताना दोन्ही आकडे मुलांना शेजारी शेजारी लिहू द्या. पहाटे एकदा, भर दुपारी एकदा. महिनाभराची ती वही इथं टाका. त्या ऑक्सफर्ड शोधणाऱ्या मुलानं स्वतः टाकली तर जास्त चांगलं, फरक कुठून येतोय ते मी त्याच्याबरोबर बसून बघेन.